इसोगाईचा शिक्का

९ जानेवारी, मंगळवार

ही वही पुरावा म्हणून सुरू करतोय. ऑफिसात कुणीतरी माझ्या मागे माझी पत्रकं बदलतंय आणि ते कोण हे मला ठाऊक आहे. उद्या प्रकरण वर गेलं तर हातात तारखा हव्यात.

आमचं काम सांगायला सोपं. जुन्या अ‍ॅनिमेची, हाताने रंगवलेल्या चित्रमालिकांची, फिल्म नव्याने स्कॅन होऊन येते. ती डिस्कवर जाण्याआधी मी प्रत्येक भाग पहिल्या सेकंदापासून शेवटच्यापर्यंत बघतो. कुठे ओरखडा, कुठे धूळ, कुठे चिकटलेला केस, कुठे रंगाचे पट्टे पडलेत, ते वेळेसकट पत्रकात लिहितो. दुरुस्तीवाले ते साफ करतात. खाली माझ्या नावाचा शिक्का. तेवीस वर्षं झाली. डिस्क विकत घेणारी माणसं चित्र थांबवून, पडद्याला नाक लावून बघतात. पण इसोगाईचा शिक्का असला की प्रकाशक दुसऱ्यांदा बघत नाही.

सध्या ‘टपालबोट’ चालू आहे. १९८३ची मालिका, सव्वीस भाग, सगळा समुद्र आणि आभाळ. दुसऱ्या भागात मी चौदा दोष लिहिले होते. आज पत्रक दुरुस्तीहून परत आलं त्यात एकोणीस. वरचे पाच हानावाच्या अक्षरात.

हानावा म्हणजे दोन वर्षांपूर्वी करारावर आलेली मुलगी. अठ्ठावीस वर्षांची, कायम मान खाली घालून कामात. तिला विचारलं, “हे काय आहे?”

“मी परत एकदा बघितलं होतं, इसोगाई-सान.”

“तुला कुणी सांगितलं बघायला?”

तिने नागुमोच्या केबिनकडे बघितलं फक्त. नागुमो आमचा विभागप्रमुख. माझ्याहून बारा वर्षांनी लहान आणि कुणाला दुखवायला नको म्हणून सगळ्यांशी गोड. त्याच्याकडे काय बघायचं?

१२ जानेवारी

ते पाच दोष मूळ स्कॅनमध्ये उघडून बघितले. तिसरा घेतो. अकराव्या मिनिटाला आभाळात हिरवा ओरखडा, चार सेकंद. वेळ टाकली, आभाळाकडे बघितलं, आणि आहे. ढळढळीत आहे. आंधळ्यालाही दिसेल.

मी हा भाग गेल्या आठवड्यात पूर्ण बघितला. तेव्हा ओरखडा नव्हता. मी शपथेवर सांगतो.

म्हणजे फाइल नंतर बदलली गेली. दुसरा अर्थच निघत नाही.

कंपनीची आरोग्य तपासणीही आजच होती. दृष्टी १.२, दोन्ही डोळे. बाई म्हणाली, या वयात फार छान. डोळ्याच्या आतला फोटो काढायच्या रांगेत वीस माणसं होती. ती सोडून कामावर आलो.

२३ जानेवारी

काल बर्फ पडला. सायकल ठेवून चालत निघालो तर सोबा नूडल्सच्या दुकानाबाहेर टांगलेल्या पाटीवर कपाळ आपटलं. मालक धावत आला. म्हटलं, पाट्या इतक्या खाली कशाला लावता? तो म्हणाला, “वडिलांच्या वेळेपासून तिथंच आहे हो.”

घरी बायको, काझुए, कपाळाला पट्टी लावता लावता म्हणाली, “या महिन्यात ही दुसरी.” बायकांना मोजायची भारी हौस.

चौथ्या भागात माझे अकरा. हानावाने जोडलेले सात.

६ फेब्रुवारी

आज हानावाला सगळ्यांसमोर झापलं आणि मजा आली, खोटं कशाला लिहू.

सहाव्या भागात म्हातारा पोस्टमास्तर धक्क्यावर उभा असतो तिथे त्याच्या कोटावर ब्रशचे फराटे दिसतात. हिने ते दोष म्हणून लिहिले. शिवाय फिल्मचा दाणा, चित्रभर दिसणारी तिची मूळची बारीक रवाळ, ‘अ श्रेणी’त टाकला, म्हणजे काढलाच पाहिजे.

मी म्हणालो, “हानावा, हा कोट कुणीतरी हाताने रंगवलाय. फराटे त्या हाताचे आहेत. फिल्मवर नंतर जे पडलं ते काढायचं, चित्र काढताना जे झालं ते ठेवायचं. आणि दाणा पुसलास तर त्याबरोबर पेन्सिलची रेघ पण जाते. माणसं मेणाची दिसायला लागतात. मग ग्राहक काय म्हणेल?”

“आजकाल पुष्कळांना स्वच्छ चित्र आवडतं.”

“पुष्कळांना प्लास्टिकची फुलं पण आवडतात. आपण ती विकतो का?”

दोघंतिघं हसले. ती हसली नाही. तिने खिशातून छोटी वही काढली आणि मी म्हटलेलं लिहून घेतलं. पुढेमागे माझ्याविरुद्ध वापरणार असेल. वापरू दे. वही माझ्याकडेही आहे.

१५ फेब्रुवारी

ओमे रस्त्यावर टॅक्सीवाला अंगावर आला. काच खाली करून ओरडला, “लाल आहे, आजोबा! मरायचंय का?” सत्तावन्न वर्षांच्या माणसाला आजोबा! सिग्नल नवीन आहेत, फार उंचावर लावलेत. नगरपालिकेला पत्र लिहायला हवं.

२० फेब्रुवारी

सापडलं.

संगणक विभागातल्या माणसाला जेवण घातलं आणि फाइली कुणी कधी उघडल्या ते काढून घेतलं. पहिल्या भागापासून नवव्यापर्यंत प्रत्येक फाइल, मी सहाला घरी गेल्यावर, हानावाच्या नावाने उघडलेली आहे. नऊपैकी नऊ. एकेक फाइल दीड-दीड तास.

दीड तास काय करते? भाग तर पंचवीस मिनिटांचा.

कागद घडी करून या वहीत ठेवलाय. राग होता आणि खरं सांगायचं तर आनंदही होता. गेला दीड महिना मला वाटत होतं की मीच कुठेतरी चुकतोय. मी चुकत नव्हतो.

२७ फेब्रुवारी

नागुमोला कागद दाखवला. त्याचा चेहरा पडला.

“इसोगाई-सान, सोडून द्या ना. काम चांगलंच होतंय की.”

“काम चांगलं होतंय? माझ्या शिक्क्याखाली कुणीतरी ओरखडे घालतंय, मग स्वतःच शोधून दाखवतंय!”

“मुद्दाम कोण कशाला…”

“माझी जागा हवी असेल. तुम्ही बोलावता तिला, की मी थेट मुकोयामा-सानना लिहू?”

मुकोयामा म्हणजे प्रकाशकांची बाई. डिस्कच्या दर्जाचा शेवटचा शब्द तिचा. हे नाव ऐकल्यावर नागुमो म्हणाला, शुक्रवारी बसू.

२ मार्च, शुक्रवार

जसं झालं तसं लिहितो.

छोट्या खोलीत तिघंच. मी कागद टेबलावर ठेवला आणि मुद्दा मांडला. हानावाने कागद शेवटपर्यंत वाचला. मग ती माझ्याकडे नाही, नागुमोकडे वळली.

“तुम्ही सांगता, की मी सांगू?”

नागुमो चहाच्या कपात बघत बसला. मग म्हणाला, “हानावा-सान, या फाइली उघडायची परवानगी तुम्हाला नक्की कुणी दिली होती?”

ती हसली. इतकी वाईट हसली की मलाही क्षणभर कसंतरी झालं.

“कुणीच नाही,” ती म्हणाली. “माझं मीच उघडत होते. मला घरी जायचा कंटाळा आहे ना.”

झाली कबुली. नागुमोने सांगितलं की तिने आता मालिकेला हात लावायचा नाही आणि मार्चअखेर करार पुढे वाढणार नाही. नोंदीत ‘फाइलींमध्ये ढवळाढवळ’ असा शेरा जाईल. उठताना ती दारात थांबली.

“इसोगाई-सान, एकदा वर बघून तपासा.”

हे उद्धट बोलणं मी मुद्दाम शब्दाशब्दाने लिहून ठेवतोय. वर बघा! म्हणजे देव बघतोय म्हणे. चोराच्या तोंडी देव.

९ मार्च

अकरा, बारा, तेरा. तिन्ही भाग तपासून शिक्का मारला. किती शांत वाटतंय. पत्रकावर एकही परकं अक्षर नाही. आणि दोष बघा कसे एकदम कमी झाले! सहा, आठ, पाच. म्हणजे खरे दोष एवढेच होते.

पहिल्या तेरा भागांच्या डिस्कची पेटी छापायला गेली.

३० मार्च

हानावाचा शेवटचा दिवस. रिवाजाप्रमाणे सगळ्यांच्या टेबलांवर बिस्किटाचा पुडा ठेवून गेली. माझ्या टेबलावर नाही. इतका क्षुद्रपणा.

३ एप्रिल

पुडा सापडला. माझ्या मॉनिटरच्या वरच्या फळीवर होता, डोळ्यांसमोर. झाडणाऱ्या बाईने दाखवला. तिथे कशाला ठेवायचा? खाल्ला नाही.

२७ एप्रिल

पेटी परवा बाजारात आली. पहिले दोन दिवस नुसतं कौतुक. दाणा जपलाय, रेघ जिवंत आहे, आभाळ असं आम्ही कधी बघितलंच नव्हतं. काझुएला वाचून दाखवलं.

आज सकाळी चित्र पालटलं. कुणीतरी अकराव्या भागातलं आभाळ थांबवून त्याचा फोटो टाकला. ढगांमधून काळी रेघ, नऊ सेकंद. मग बाराव्यातला धुळीचा ठिपका, शिडाच्या टोकाशी, तीन दृश्यांत. मग तेराव्यातला. दुपारपर्यंत चौतीस जागा. “तपासणारा झोपला होता का?” “पहिले दहा भाग देवाने तपासले, पुढचे मांजराने.” एकाने पत्रकावरचा शिक्का कुठून मिळवला कोण जाणे, माझं नाव वाचलं. आता सगळे नावाने बोलतात.

मुकोयामाने डिस्क बदलून द्यायचं जाहीर केलं. नागुमो दिवसभर माझ्या टेबलाकडे फिरकला नाही.

हानावा तर गेलीय. मग हे कुणी केलं?

१ मे

सुट्ट्या लागल्यात. चौतीस जागांची यादी घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसलो. प्रत्येकीपुढे जागा लिहिलेली. वर डावीकडे. वर मध्ये. वर. वर. वर उजवीकडे. चौतीसपैकी खालची एकही नाही.

काझुए मिसो सूप ठेवत होती. ती म्हणाली, “एक विचारू? रागावू नका.”

“विचार.”

“वर्षभरात तुम्ही वरच्या कपाटातून काही काढलेलं नाही. मागाल ते मला काढायला लावता. मला वाटायचं आळस. पण त्या दिवशी भिंतीवरच्या देव्हाऱ्यातला दिवा चालू होता आणि तुम्ही त्याच्याखाली उभं राहून म्हणालात, दिवा कुणी विझवला?”

मी म्हणालो, माझी दृष्टी १.२ आहे. तिने वाद घातला नाही. सूप गार झालं.

८ मे

डोळ्यांचा दवाखाना. बाई डॉक्टर, माझ्या मुलीच्या वयाची. एका यंत्रात हनुवटी टेकवायची, समोर बघत राहायचं, बारीक दिवा लागला की बटण दाबायचं. बाहेर आल्यावर म्हणालो, “तुमचं यंत्र बिघडलंय. मधे मधे कितीतरी वेळ दिवाच लागत नव्हता.”

“दिवे लागत होते, इसोगाई-सान,” ती म्हणाली.

तिने कागद पुढे केला. दोन्ही डोळ्यांच्या नकाशाचा वरचा भाग काळा. काचबिंदू. डोळ्यातला दाब ठीक आहे, तरी नस सुकत चाललीय. जपानात असे पुष्कळ निघतात म्हणे.

“पण मला तर काळं काही दिसत नाही.”

“दिसणारच नाही. जिथे दिसत नाही तिथे मेंदू आजूबाजूचं भरून टाकतो. आभाळ असेल तर आभाळच भरतो. थेट तिकडे बघितलंत तर मात्र दिसेल.”

गेलेलं परत येत नाही. उरलेलं टिकवायला रोज थेंब घालायचे. जन्मभर.

९ मे

मेंदू आभाळ भरतो. स्वच्छ, एकही डाग नसलेलं.

हानावा त्या खोलीत तेच म्हणाली होती. वर बघून तपासा.

१३ मे, रविवार

हानावाचा पत्ता मिळाला. तोकोरोझावाच्या एका सुपरमार्केटात ताज्या माशांच्या विभागात आहे. मागच्या दाराशी, मालाच्या गाड्या लागतात तिथे भेटलो. रबरी बूट, डोक्याला जाळी. मला बघून तिने हातमोजेसुद्धा काढले नाहीत.

मी सगळं सांगितलं. डोळे, नकाशा, चौतीस जागा. कमरेतून वाकलो.

“उठा,” ती म्हणाली. “लोक बघताहेत.”

“तुला कधीपासून माहीत होतं?”

“नोव्हेंबरपासून. मुकोयामा-सानकडून आधीच्या कामावर दोनदा सूचना आली, दोन्ही वेळा चित्राच्या वरच्या बाजूचे सुटलेले दोष. नागुमो-सान म्हणाले, इसोगाई-सानना कळू देऊ नकोस, मनाला लावून घेतील. ते गेल्यावर तू बघत जा. जानेवारीपासून दोन महिने प्रत्येक भागाला दीड तास जास्तीचा. फुकट.”

“मला एकदा सांगायचंस तरी!”

“सांगितलं की. डिसेंबरात चहाच्या यंत्रापाशी. म्हटलं, एकदा डोळे दाखवून या. तुम्ही काय म्हणालात आठवतंय?”

आठवत नव्हतं.

“म्हणालात, तुझ्या जन्माआधीपासून मी चित्रं बघतोय.”

माझ्यासारखंच वाक्य आहे. म्हणालो असणार.

“मला फार वाईट वाटतंय, हानावा-सान.”

“वाटू दे. मला पण वाटायला हवं का, तुमचे डोळे गेले म्हणून? पाच ठिकाणी अर्ज केले. सगळीकडे आधी फोन करून विचारतात, ती फाइली खराब करणारी तीच का? तुमची माफी घरी ठेवा. माझ्या नावावरचा शेरा काढा. नाही जमलं तर परत येऊ नका.”

ती आत गेली. दाराची प्लास्टिकची पट्टी माझ्या तोंडावर आपटली. ती मात्र नीट दिसली.

१५ मे

नागुमोला सगळं सांगितलं. त्याला नवीन काहीच नव्हतं. त्याच्याकडे उत्तरही तयार होतं.

“तुम्ही सल्लागार म्हणून राहा. शिक्का तुमचाच. बघायला दोन नवीन माणसं ठेवू. साठीला तीनच वर्षं आहेत. हानावा-सानचा विषय आता कशाला उकरायचा? ती गेलीच आहे.”

“परवानगी तुम्ही दिली होती.”

“तुमचा मान राखायला दिली होती, इसोगाई-सान!”

“माझा मान राखलात आणि तिचं नाव खाल्लंत.”

“कागद टेबलावर कुणी ठेवला होता?” तो म्हणाला. हळू आवाजात. गोड माणूस आहे हा, मी आधीच लिहिलंय.

मी उठून माझ्या टेबलाशी आलो.

१६ मे

प्रस्ताव मला आवडला. ही वही पुराव्याची आहे, म्हणून हेही लिहून ठेवतो. कालपासून मी स्वतःला सांगतोय की मुलगी तरुण आहे, कुठेतरी लागेल. काझुएला प्रस्ताव सांगितला. ती म्हणाली, “तुमचं तुम्ही बघा.” मग जीभ चावली.

१८ मे

मुकोयामाला पत्र लिहिलं. पहिल्या दहा भागांची पत्रकं घेऊन बसलो आणि कुठला दोष कुणाच्या अक्षरात ते मोजलं. सत्त्याऐंशी दोष हानावाचे. माझे त्याहून थोडेच जास्त. पहिले दहा भाग ‘देवाने तपासले’ तो देव सहानंतर थांबून, फुकट काम करत होता. तिने फाइलीत एक ठिपकाही घातला नव्हता. परवानगी विभागप्रमुखांची होती. आरोप माझा होता आणि खोटा होता. तो करताना मला आनंद झाला होता, हेही लिहिलं. मग ते वाक्य खोडलं. मग परत लिहिलं.

खाली शिक्का मारला. एक प्रत नागुमोच्या टेबलावर, एक तोकोरोझावाला.

११ जून

दुसऱ्या पेटीचं काम आमच्याकडून काढून कोएन्जीच्या एका लहान कंपनीला दिलं गेलंय. ऑफिसात सगळ्यांना वाटतं ते माझ्यामुळे. खरंच आहे. जेवायच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी कुणी बसत नाही. मला तळघरात जुन्या टेपांच्या खोलीत बसवलंय. तिथे वरच्या फळीवरच्या टेपा काढायला शिडी आहे आणि शिडी चढून बघितलं की सगळं दिसतं.

शेरा काढला. मुकोयामाने एका ओळीत कळवलं. कोएन्जीवाल्यांनी हानावाला घेतलंय, तेही तिची अट मान्य करून: पत्रकावर शिक्का तिचा.

तिच्याकडून माझ्या पत्राला काही उत्तर नाही.

२६ जून

दुपारी डबा उघडला होता. तळघरातला फोन वाजला. हा नंबर कुणाला माहीतच नाही.

“हानावा बोलतेय.”

मी चॉपस्टिक खाली ठेवल्या.

“सतराव्या भागात, आठव्या मिनिटाला,” ती म्हणाली. ना नमस्कार, ना तब्येत. “ढगात केस आहे. बोटभर लांब. दुरुस्तीवाले म्हणतात काढू. मला शंका आहे.”

“ढग सरकतोय का?”

“डावीकडे.”

“केस जागेवर राहतो, की ढगाबरोबर जातो?”

मागे यंत्राचा आवाज आला. तिने तेवढाच तुकडा परत लावला असणार.

“ढगाबरोबर.”

“मग तो फिल्मवरचा नाही. ढग रंगवताना ब्रशचा केस गळून ओल्या रंगात चिकटलाय. चित्रातलाच आहे. हात लावायचा नाही.”

“पक्कं?”

“पक्कं.”

“तुमचं पक्कं मला माहीत आहे,” ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

धन्यवादसुद्धा नाही. ती आता परत पहिल्यापासून बघणार, माझ्यावर विसंबणार नाही. बघू दे. बघायलाच हवं.

भात गार झाला होता. तसाच खाल्ला, सगळा.